घंटेला बसणारा कुत्रा

साडेअकरा होऊन गेले तरी प्रदर्शनात अल्सेशियन कुत्र्यांचा वर्ग पुकारला जाईना. मैदानापलीकडे चिंचांच्या वर ख्रिस्ती देवळाचा मनोरा इव्हाला दिसत होता आणि त्यावरचं घड्याळ. एरवी मरोळहून अंधेरीला भाजी घेऊन येताना ह्याच घड्याळाकडे बघून ती पाय उचलायची. आज तिकडे बघायचंच नाही असं ठरवून ती सारखी तिकडेच बघत होती.

"अजून त्या आखूड पायांच्या कुत्र्यांचंच चाललंय," वसुधा आतून चौकशी करून आली. "परीक्षक एकेकाला उचलून बघतोय. मुलगी बघायला आल्यासारखा."

"बारा वाजतील गं."

"वाजू देत ना. शिकवलंय आपण त्याला."

 इव्हाने सोजरच्या पाठीवरून हात फिरवला. सोजर मजेत होता. आजूबाजूला एवढी कुत्री, एवढे वास, त्याला कशाला चिंता असेल? ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

सत्तावन्न सालचा जानेवारी होता. कुत्र्यांचं प्रदर्शन म्हणजे काय, हे अंधेरीत फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे कठड्याबाहेर निम्मी गर्दी फुकटची गंमत बघणाऱ्यांची. आत शामियाना, वेताच्या खुर्च्या, बर्फ घातलेलं सरबत. बघणारी माणसं उन्हात आणि कुत्री सावलीत, असा उलटा न्याय अशाच ठिकाणी बघायला मिळतो. त्या सावलीत, पुढच्या रांगेत, पायावर पाय टाकून दळवी वकील बसले होते. आणि उन्हात, कठड्याला टेकून, लग्नाकार्यातला काळा कोट आणि रोजची गवती हॅट घालून इव्हाचा बाप रोझारिओ उभा होता.

ह्या दोघांमध्ये सोजरचा सौदा ठरला होता. सौदा साधा होता. आज सोजर आपल्या वर्गात पहिला आला तर तो मरोळला रोझारिओच्या घरी राहणार, वकील कागदावर सही करून देणार. नाही आला तर इथून सरळ वकिलांच्या मोटारीत बसून बंगल्यावर जाणार. दुसरा आला, थोडक्यात हुकला, असल्या गोष्टींना जागा नव्हती. मधुकर दळवी म्हणजे बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, अशातला माणूस.

तसा माणूस वाईट नव्हता, हेही सांगायला हवं. दीडदोन वर्षांपूर्वी त्यांच्या ज्युलीला पिल्लं झाली. त्यातलं एक मरतुकडं निघालं. आई त्याला जवळ घेईना, दूध ओढायची त्याला ताकद नाही. "हे काही जगत नाही," वकील म्हणाले आणि माळ्याला हाक मारली. रोझारिओ त्या वेळी स्वयंपाकघराच्या दारात वांगी मोजून देत होता. हातातलं वांगं तसंच धरून तो म्हणाला, "मी नेऊ काय, साहेब?" वकील म्हणाले, "ने." रोझारिओने पिल्लू हॅटमध्ये घातलं आणि भर उन्हात बोडक्या डोक्याने घरी आणलं.

इव्हाने त्याला शेळीच्या दुधात कापूस बुडवून पाजलं. ते जगलं. नुसतं जगलं नाही, वाढलं, भरलं, कान उभे राहिले, आणि बघता बघता असा देखणा कुत्रा झाला की मरोळच्या गावठाणात त्याला बघून सायकलवाले उतरायचे. इव्हाच्या आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. इव्हा बोलायला कमी, आणि रोझारिओला तर बोलायला माणूस हवाच. तो आता दिवसभर वाडीत सोजरशी बोलायचा. मिरचीवर काय पडलंय, विहिरीचं पाणी किती खाली गेलंय, सगळं त्याला सांगायचा. कधी कधी त्याच्याशी भांडायचासुद्धा.

आणि घंटा व्हायची तेव्हा दोघं गप्प व्हायचे. देवळाची घंटा दिवसातून तीनदा होते, सकाळी, दुपारी बाराला आणि दिवेलागणीला. आधी तीन ठोके, मग एक 'नमो मारिया' म्हणण्यापुरती शांतता, परत तीन, परत शांतता, परत तीन, आणि मग लांब घणघण. गावातला माणूस जिथे असेल तिथे थांबतो. हातातलं फावडं हातात, डोक्यावरचा भारा डोक्यावर. सोजर लहान असताना ह्या वेळी वाफ्यांत धिंगाणा घालायचा, म्हणून रोझारिओने एका हाताने त्याचं बूड दाबून धरायला सुरुवात केली. प्रार्थना संपली की खिशातून तांदळाच्या भाकरीचा तुकडा द्यायचा. पुढे दाबावं लागेना. पहिला ठोका पडला की सोजर आपणहून येऊन बापाच्या डाव्या पायाशी बसायचा आणि शेवटची घणघण थांबेपर्यंत हलायचा नाही. लोक मुद्दाम बघायला यायचे. "आमचा सोजर किरिस्ताव आहे," रोझारिओ सांगायचा, "बाप्तिस्म्याचं पाणी तेवढं घालायचं राहिलंय." फादरांनी एकदा हे ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

मग दिवाळीच्या सुमाराला वकिलांनी सोजरला पाहिलं. भाजीच्या गाडीबरोबर तो बंगल्याच्या फाटकाशी उभा होता.

"हा आपल्या ज्युलीचा?"

"होय साहेब. तोच."

वकील त्याच्याभोवती फिरले. छाती बघितली, मागचे पाय बघितले. म्हणाले, "रोझारिओ, असा कुत्रा प्रदर्शनाच्या रिंगणात हवा, वांगी राखायला काय ठेवायचा? वाया जाईल. मी घेऊन जातो."

"साहेब, तुम्ही तेव्हा दिलात मला."

"मी 'ने' म्हटलं होतं. 'तुझा' म्हटलं नव्हतं."

आता वकिलाशी शब्दावर कोण भांडणार? रोझारिओ हॅट हातात फिरवत राहिला. त्याचं तोंड इतकं बारीक झालं की इव्हाला ते बघवेना. ती गाडीमागून पुढे आली आणि म्हणाली, "वाया जातो म्हणताय ना? मग रिंगणात मी नेते त्याला. पहिला आणते."

ती असं का म्हणाली हे तिलाही नंतर समजलं नाही. रिंगण तिने बघितलेलं नव्हतं. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय. पण वकिलांना असलं बोलणं आवडायचं. त्यांनी तिथल्या तिथे अट घातली, तिथल्या तिथे शब्द दिला, आणि वर म्हणाले, "वसुधा शिकवेल तुला. मागाहून कुणी म्हणायला नको की पोरीला शिकवलं नाही."

वसुधा त्यांची मुलगी, कॉलेजात जाणारी, बोलायला फटकळ. तिने इव्हाला दोरी कशी धरायची, कुत्रा डाव्या हाताला कसा ठेवायचा, आपण थांबलो की त्याने चारही पाय नीट रोवून कसं उभं राहायचं, सगळं शिकवलं. सोजर झटझट शिकला. आणि एका दुपारी बंगल्याच्या आवारात सराव चालू असताना अंधेरीच्या देवळात बाराची घंटा झाली. सोजर जागच्या जागी बसला.

"हे काय?" वसुधा म्हणाली.

इव्हाने सांगितलं. वसुधाला हसू आलं नाही. "इव्हा, रिंगणात कुत्रा बसला की संपलं. मागचे पाय आणि पाठ, तेच तर बघतात. आणि मैदान कुठंय माहितेय ना तुला? देवळाच्या पलीकडे."

"आपला वर्ग अकराला आहे."

"प्रदर्शनं वेळेवर होतात हे तुला कोणी सांगितलं?"

त्याच आठवड्यात वसईहून निरोप आला. अँजेलिना आत्याच्या नवऱ्याचा पाय मोडला होता, वाडी बघायला कुणी नव्हतं. रोझारिओ वसईला गेला, आणि इव्हाला वाट मोकळी झाली. बापाला विचारलं असतं तर त्याने काय उत्तर दिलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तो म्हणाला असता, बसू दे त्याला. म्हणून तिने विचारलंच नाही. ती रोज भाजी घालून झाली की बंगल्यावर थांबायची, आणि बाराची वाट बघायची.

खिशात भाजलेली कलेजी. ठोका पडला की दोरी आखूड करून वर ओढायची, कलेजी नाकाशी धरायची आणि चालत राहायचं. पहिल्या दिवशी सोजर बसला, ओढला गेला, परत बसायला गेला, परत ओढला गेला. त्याला काही कळेना. तो इव्हाकडे असा बघायला लागला की तिला रडू फुटलं. पण तिने ओढायचं सोडलं नाही. हे बापासाठीच आहे, असं ती मनाशी म्हणत होती आणि ते खोटंही नव्हतं.

एक अडचण तिची स्वतःची होती. घंटा चालू असताना तिला चालताच येईना. जन्मात ती कधी घंटेत चालली नव्हती. मग तिने तोड काढली: कानांत कापसाचे बोळे. ऐकलीच नाही तर पाप कुठलं? ठोके सुरू झाले की वसुधा रुमाल हलवायची आणि इव्हा चालायला लागायची. हळूहळू सोजर बसायचा विसरला. बूड अर्धवट खाली जायचं, ते जाईना. शेवटी शेवटी तर ठोका पडला की तो तिच्या खिशाकडे बघून शेपूट हलवायचा. भाकरीवर कलेजीने मात केली. घरी सकाळसंध्याकाळच्या घंटेलाही इव्हाने तेच केलं. रोझारिओ प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी रात्रीचा परतला, आणि सकाळच्या घंटेला तो देवळात होता. त्याला काही कळलं नाही.

वर्ग पुकारला तेव्हा मनोऱ्यावरचा मोठा काटा आठवर सरकला होता.

इव्हाने पदराआडून कानांत बोळे सारले, जीव मुठीत धरला आणि सोजरला घेऊन आत गेली. रिंगणात आठ-नऊ कुत्रे होते आणि धरणारे सगळे पुरुष. तिच्या पुढे मालाडच्या कुणा शेटजींचा टायटन, काळ्या पाठीचा, वजनदार. त्याला धरणारा काशीराम पांढरी टोपी घालून असा चालत होता की जणू मैदान त्याच्या बापाचं. कुत्री फिरवणं हाच त्याचा धंदा. त्याने मागे वळून इव्हाकडे बघितलं, तिच्या सुती साडीकडे बघितलं, तिने वसुधाकडून मागून घातलेल्या पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांकडे बघितलं, आणि काही न बोलता पुढे बघायला लागला.

परीक्षक निवृत्त कर्नल होते. मिशा पांढऱ्या, हात पाठीमागे. त्यांनी सगळ्यांना एक फेरी मारायला लावली, मग एकेकाला पुढे बोलावून तपासायला लागले. टायटनचे दात बघितले, पाठ दाबली, पळवून बघितला. सगळं सावकाश. म्हाताऱ्याला जेवायची घाई कशी नाही, असं इव्हाच्या मनात आलं.

तिची पाळी आली. तिने सोजरला उभा केला. कर्नल काहीतरी म्हणाले. त्यांचे ओठ हललेले तिला दिसले, शब्द आला नाही. ती तशीच उभी. ते परत म्हणाले. कठड्यापाशी लोक हसायला लागले. वसुधा दोन्ही हातांनी स्वतःचे कान ओढून दाखवत होती, आणि तिच्यापलीकडे पापा, काय चाललंय ते न समजून, पोरगी घाबरली म्हणून तिच्याकडे बघून मान हलवत होता.

इव्हाने बोळे काढून कमरेला खोचले. तिचे कान तापले होते.

"दाँत दिखाओ," कर्नल तिसऱ्यांदा म्हणाले. रागावलेले वाटले नाहीत.

तिने सोजरचे ओठ वर केले. सोजर समजूतदार, त्याने निमूट दात दाखवले. कर्नलांनी त्याची छाती चाचपली, मागचा पाय उचलून ठेवला. सोजरने तो होता तिथेच परत रोवला. "दौडाओ," ते म्हणाले. ती पळाली. सोजर तिच्या डाव्या हाताशी सरळ रेषेत पळाला, दोरी सैल, मान वर. थांबली तसा थांबला. बाहेर कुणीतरी म्हणालं, "झकास." 

मग निवड सुरू झाली. कर्नल बोट दाखवायचे आणि एकेक माणूस आपला कुत्रा घेऊन बाजूला व्हायचा. शेवटी रिंगणात दोघंच राहिले, टायटन आणि सोजर. खुर्चीत दळवी वकिलांनी पाय खाली घेतले आणि पुढे वाकून बसले.

कर्नल दोघांपुढे उभे राहिले. ह्याच्याकडे बघत, त्याच्याकडे बघत, परत ह्याच्याकडे. इव्हाने मनोऱ्याकडे बघितलं. दोन्ही काटे एकाला एक लागलेले. आता लवकर बोट दाखव रे बाबा, कुणाकडेही दाखव, पण आता दाखव, असं तिला ओरडावंसं वाटलं. कर्नलांनी बोट उचललं आणि हवेत गोल फिरवलं. दोघांनी मिळून आणखी एक फेरी.

ह्या वेळी इव्हा पुढे होती, काशीराम मागे. कलेजीचा तुकडा तिने मुठीत घेतला. दोरी आखूड केली. डोळे सोजरच्या बुडावर. बसू नकोस रे राजा, आजच्या दिवस बसू नकोस, मग जन्मभर बस. अर्धी फेरी झाली. कठड्याच्या त्या कोपऱ्यावर, जिथे पापा उभा होता, तिथे ती पोचली आणि पहिला ठोका पडला.

सोजर चालत राहिला.

चालत राहिला, आणि दोरी ताणली गेली, आणि त्याला झटका बसला, कारण इव्हा थांबली होती.

तिला कळलंच नाही. सगळं लक्ष कुत्र्यावर होतं. त्याच्यातून घंटा काढायला तिने इतकी दुपारं घालवली होती, आणि स्वतःच्या पायांतून ती काढायची राहूनच गेली होती. तिसरा ठोका पडला तेव्हा तिची मान खाली होती आणि हात कपाळाकडे गेला होता. मग शांतता आली, ती नेहमीची, एका प्रार्थनेपुरती. त्या शांततेत तिच्या ध्यानात आलं की आपण रिंगणात आहोत आणि उभ्या आहोत. वाट लागली, तिच्या मनात आलं. चाल, चाल पुढे. पाय उचलेनात. समोरच पापा हॅट छातीशी धरून, डोळे मिटून पुटपुटत होता, आणि त्याच्यासमोरून चालत जायचं तिच्या हातून होईना.

परत तीन ठोके पडले. मागे काशीराम थांबला होता. पुढच्याला मागे टाकून जायचं नाही असा रिंगणाचा नियम, त्यामुळे तो चरफडत उभा. कुणीतरी हसलं. कुणीतरी "काय झालं?" म्हणालं. इव्हाने ठरवलं, गेलंच आहे तर निदान प्रार्थना तरी पुरी करू. तिने डोळे मिटले. सोजर आता मोटारीत बसणार, आणि पापा आज रिकाम्या घरी जाणार, आणि ते आपल्यामुळे, हे तिला स्पष्ट दिसत होतं, आणि तरी ती 'नमो मारिया' म्हणत होती. असं रडत रडत म्हटलेलं देवाला कितपत ऐकू येतं कोण जाणे.

शेवटची घणघण थांबली. तिने कपाळापासून खांद्यापर्यंत क्रूस काढला आणि डोळे उघडले.

दोरीच्या टोकाला सोजर तिच्याकडे तोंड करून उभा होता. आपण थांबलो की चारही पाय रोवून उभं राहायचं, हे तिनेच त्याला शिकवलं होतं. तो तसाच राहिला होता. पाठ सरळ, कान पुढे, नजर तिच्या बंद मुठीवर. दोरी सैल पडली होती, अंगाला कुणाचा हात नव्हता. त्याच्या बाजूला कर्नल उभे होते. ते त्याच्याभोवती सावकाश फिरले, थोडे मागे गेले, मान तिरपी करून बघत राहिले. मग त्यांनी काशीरामकडे नजर टाकली. रिंगणाच्या उघड्या उन्हात एवढा वेळ ताटकळून टायटन कंटाळला होता आणि खुशाल बसला होता. काशीरामने त्याला दोरीने वर ओढलं, तो उठला, आणि जांभई देऊन परत टेकला.

"हो गया?" कर्नलांनी इव्हाला विचारलं.

"हो," ती म्हणाली.

"तो फिर चलो."

तिने उरलेली फेरी पुरी केली. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. फेरी संपायच्या आत कर्नलांनी बोट दाखवलं, आणि ते आपल्याकडेच आहे ह्यावर तिचा विश्वास बसेना, म्हणून ती आधी मागे वळून बघत राहिली.

वसुधाने कठड्याखालून वाकून आत येऊन तिला मिठी मारली. दळवी वकिलांनी मोटारीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. खिशात पेन परत लावताना ते म्हणाले, "नशीबवान आहेस. चुकलीस आणि चुकलेलं फळलं. माझ्या पक्षकारांचं असं कधी होत नाही." मग रोझारिओच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझा," ते म्हणाले. "आता शब्द उच्चारला बघ."

 रोझारिओ गुडघ्यावर बसला आणि सोजरचं डोकं त्याने छातीशी धरलं. लग्नाकार्यातल्या कोटाला केस लागले. मग इव्हाकडे बघून म्हणाला, "तू घंटेला थांबलीस."

"पाय थांबले, पापा."

"मला वाटलेलं, तू चालत राहशील. मी मनात देवाला सांगून ठेवलेलं, पोरीला माफ कर, कुत्र्यापायी चालली." तो हसला. मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "आणि ह्यो? लोक म्हणतात ह्यो उभाच होता. बसला कसा नाही?"

"रिंगणात बसायचं नसतं," इव्हा म्हणाली.

"हां." त्याला ते पटलं. "मग बरोबर. शहाणा आहे. कुठे बसायचं, कुठे नाय, कळतं त्याला."

मरोळला पोचेपर्यंत बातमी त्यांच्या आधी पोचली होती. अंगणात शेजारीपाजारी जमले. पोरांनी सोजरच्या गळ्यात झेंडूची माळ घातली, ती त्याने खायला घेतली. रोझारिओ हकीकत सांगत होता, दर वेळी थोडी जास्त. दुपारी पोरीसमोर एक टायटन होता, संध्याकाळपर्यंत तो घोड्याएवढा झाला. असा खुशीत इव्हाने त्याला कित्येक वर्षांत बघितला नव्हता. आणि तिचं सगळं लक्ष उतरत चाललेल्या उन्हाकडे होतं. ती एकदा सोजरला परसात बांधायला निघाली, पण रोझारिओ म्हणाला, "राहू दे इथंच. आज त्याचा दिवस आहे."

दिवेलागण झाली आणि घंटेचा पहिला ठोका पडला.

अंगण उभं राहिलं. बोलणारे गप्प झाले, बसलेले उठले. रोझारिओने हॅट काढली, डोळे मिटले आणि डावा हात नेहमीसारखा खाली सोडला, जिथे सोजरचं डोकं यायचं तिथे. इव्हाने डोळे मिटले नाहीत. तिने मनातल्या मनात म्हटलं, बस. बस रे, आता बस.

सोजरने ठोका ऐकला. त्याने कान टवकारले, शेपूट हलवली, आणि सगळ्या माना खाली घातलेल्या माणसांमधून वाट काढत तो इव्हापाशी आला. तिच्या पोलक्याच्या खिशाला नाक लावून तो हुंगायला लागला.

रोझारिओचा हात तसाच लोंबत राहिला. बोटं एकदा हवेत चाचपडली. त्याने डोळे उघडले, आधी पायाशी बघितलं, मग इव्हाकडे. प्रार्थना अर्धवट सोडणारा माणूस तो नव्हता. त्याने परत डोळे मिटले आणि शेवटच्या घणघणीपर्यंत ओठ हलवले. 

लोक पांगले तेव्हा तो तिच्याजवळ आला.

"खिशात काय आहे?"

"कलेजी."

"मी वसईला होतो तेव्हा?"

"हो. पापा, तो रिंगणात बसला असता तर..."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला सोपं गेलं असतं. त्याने कोटाच्या खिशातून भाकरीचा तुकडा काढला. सकाळीच घालून ठेवलेला, कोरडा झालेला. सोजरसमोर धरला. सोजरने वास घेतला, मोठ्या अदबीने, आणि परत इव्हाच्या खिशाकडे बघितलं.

"त्याची चूक नाय," रोझारिओ म्हणाला. "कलेजीपुढे कोरडी भाकरी कोण खाईल?"

त्याने तुकडा परत खिशात ठेवला, हॅट डोक्यावर घातली आणि तो घरात गेला.